३६० डिग्री फोटो आणि घरी बनवलेला गेम : नाशिकच्या पोरांचे छंद दोन, पण गणित एकच

रामकुंडाच्या काठावर सकाळी सहा वाजता एखादा पोरगा मोबाईल उभा धरून जागच्या जागी गोल फिरताना दिसला, दर पावलाला थांबून फोटो काढताना दिसला, आणि वर त्या मोबाईलला दोऱ्याने घराची किल्ली लटकवलेली असली, तर लोक काय म्हणतील? "याला काहीतरी झालंय" असंच म्हणतील.

तोच पोरगा घरी जाऊन रात्री एक वाजेपर्यंत लॅपटॉपसमोर बसतो. आई विचारते, "गेम खेळतोयस ना?" तो म्हणतो, "खेळत नाहीये, बनवतोय." आईच्या लेखी दोन्हीत फारसा फरक नसतो.

नाशिकच काय, महाराष्ट्रातल्या कुठल्याही इंजिनिअरिंग किंवा बीसीएस कॉलेजात असे दोन-चार विद्यार्थी सापडतातच. कुणाला गेम प्रोग्रॅमिंगचा नाद असतो, कुणाला पॅनोरमा म्हणजे चौफेर दिसणाऱ्या फोटोंचा. वरवर पाहता या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही. पण जरा खोलात गेलं तर कळतं की दोन्हीत प्रश्न एकच आहे : गोल जग सपाट स्क्रीनवर बसवायचं कसं?

हे नेमकं चालतं कसं, घरबसल्या करून बघायचं तर काय लागतं, आणि नाशिकसारख्या गावात याचा उपयोग काय, ते एकेक करून बघू.

आधी पॅनोरमा म्हणजे काय ते बघू

पॅनोरमा हा शब्द मोबाईल कंपन्यांनी काढलेला नाही. रॉबर्ट बार्कर नावाच्या चित्रकाराने १७८७ साली ब्रिटनमध्ये गोलाकार चित्राच्या कल्पनेचं पेटंट घेतलं. १७९३ मध्ये त्याने लंडनच्या लेस्टर स्क्वेअरमध्ये खास गोल इमारत उभारली. आत भिंतीवर सगळीकडून चित्र लावलेलं आणि लोक मधोमध उभे. तिकीट काढून लोक आत जायचे आणि मान फिरवत शहर बघायचे. थोडक्यात, आज मोबाईल फिरवून आपण जे करतो तेच, फक्त तेव्हा त्याला इमारत लागायची.

कॉम्प्युटरवर हा प्रकार लोकप्रिय केला अॅपलने. १९९०च्या दशकाच्या मध्यावर त्यांनी क्विकटाइम व्हीआर आणलं. माऊस ओढला की फोटो फिरायचा, एवढंच. पण तेव्हा ती जादू होती. पुढे २०१२ मध्ये अँड्रॉइड फोनमध्ये फोटो स्फिअर आलं आणि पूर्ण गोल फोटो काढणं खिशात आलं.

मग विद्यार्थी हाताने एकेक फोटो का काढत बसतात? कारण फोनचा आपोआप काढलेला पॅनोरमा मोठा करून पाहिला की उघडा पडतो. खांब मधेच तुटलेला, पायरी वाकडी, कुणाचं डोकं एकीकडे आणि धड दुसरीकडे. हे असं का होतं, तिथेच खरी गंमत आहे.

दोरा आणि किल्लीची भानगड

एक प्रयोग आत्ताच करून बघा. अंगठा डोळ्यांसमोर धरा. एकदा डावा डोळा मिटा, एकदा उजवा. अंगठा मागच्या भिंतीवर इकडून तिकडे उडी मारतो. अंगठा जागचा हललेला नसतो, बघण्याची जागा बदललेली असते. जवळची वस्तू जास्त सरकते, लांबची कमी. याला पॅरॅलॅक्स म्हणतात.

आता मोबाईल हातात धरून आपण स्वतःभोवती फिरलो तर काय होतं? आपण मध्यभागी असतो आणि मोबाईल दीड-दोन फुटांवर मोठ्या वर्तुळात फिरतो. म्हणजे प्रत्येक फोटो वेगळ्या जागेवरून निघतो. जवळचा खांब आणि लांबचा कळस यांचं एकमेकांशी असलेलं नातं दर फोटोत बदलतं. मग कुठलंही सॉफ्टवेअर आणा, ते फोटो नीट जुळणारच नाहीत.

उपाय एकच. आपण मोबाईलभोवती फिरायचं, मोबाईलने आपल्याभोवती नाही. लेन्स जागची हलता कामा नये.

त्यासाठी महागडं स्टँड मिळतं. पण पॉकेटमनीवर चालणाऱ्या पोरांचा उपाय म्हणजे दोरा. लेन्सच्या बरोबर खाली दोरा चिकटवायचा, टोकाला किल्ली बांधायची, जमिनीवर खडूने फुली मारायची. प्रत्येक फोटोच्या वेळी किल्ली फुलीच्या वर आहे ना, एवढं बघायचं. ओळंबा लावून भिंत बांधणारा गवंडी जे करतो, तेच.

लांबचं डोंगरदऱ्यांचं दृश्य असेल तर थोडं इकडेतिकडे झालेलं चालतं. पण पांडवलेण्यांच्या एखाद्या विहारात उभं राहिलं की खांब अगदी हाताच्या अंतरावर असतात. तिथे लेन्स दोन इंच जरी सरकली तरी सांधा दिसतो.

किती फोटो लागतात? हिशोब सोपा आहे

मोबाईलचा नेहमीचा कॅमेरा उभा धरला तर तो आडव्या दिशेने साधारण ५० अंश बघतो. दोन फोटोंमध्ये सामाईक भाग असावा लागतो, नाहीतर सॉफ्टवेअर जोडणार कशाच्या आधारावर? म्हणून दर वेळी ३० अंशच फिरायचं. ३६० भागिले ३०, म्हणजे १२ फोटो. घड्याळाच्या आकड्यांसारखे. बाराच्या दिशेला एक, एकच्या दिशेला एक, असं करत पुन्हा बारापर्यंत.

ही झाली एक ओळ. उभ्या दिशेने तोच कॅमेरा साधारण ७० अंश बघतो. त्यामुळे वर ४५ अंश कलवून दुसरी ओळ, खाली ४५ अंश कलवून तिसरी. झाले ३६. वर आकाशाचा एक, पायाखालचा एक. एकूण ३८ फोटोंत अख्खा गोल पूर्ण होतो.

अजून एक गोष्ट बहुतेक जण विसरतात. फोन प्रत्येक फोटोला उजेड आपल्या मनाने ठरवतो. सूर्याकडे तोंड केलं की फोटो गडद, पाठ केली की उजळ. मग जोडलेल्या फोटोत आकाशाला पट्टे पडतात. म्हणून पहिल्या फोटोआधी उजेड, रंग आणि फोकस तिन्ही लॉक करायचे.

३८ फोटोंचा एक फोटो होतो तरी कसा?

इथे प्रोग्रॅमिंगचा प्रवेश होतो. कॉम्प्युटरला घाट दिसत नाही, मंदिर दिसत नाही. त्याला दिसतात फक्त आकडे. मग तो काय करतो? प्रत्येक फोटोत ठळक जागा शोधतो. पायरीचा कोपरा, पाटीवरच्या अक्षराचं टोक, दगडावरचा डाग. अशा प्रत्येक जागेची आकड्यांतली ओळख बनवतो आणि तीच ओळख दुसऱ्या फोटोत सापडते का ते बघतो.

डेव्हिड लोव या संशोधकाने १९९९ मध्ये सिफ्ट नावाची पद्धत मांडली. फोटो लहान-मोठा झाला, तिरका झाला, तरी ती खूण ओळखते. २००३ मध्ये मॅथ्यू ब्राउन आणि लोव यांनी हीच पद्धत वापरून दाखवलं की फोटो कुठल्याही क्रमाने टाका, कॉम्प्युटर स्वतःच ओळखेल की कुठला कुणाच्या शेजारी बसतो.

पण खुणा जुळवताना चुका होतातच. घाटाच्या पायऱ्या सगळ्या सारख्याच दिसतात. कॉम्प्युटर तिसऱ्या पायरीचा कोपरा सातव्या पायरीशी जुळवून मोकळा होतो. मग खरं-खोटं ठरवायचं कसं?

तर मतदान घेऊन. रॅन्सॅक नावाची ही युक्ती १९८१ची आहे. जुळलेल्या जोड्यांपैकी कुठल्याही चार उचलायच्या. त्यांच्यावरून एक फोटो दुसऱ्यावर कसा बसेल ते काढायचं. मग उरलेल्या जोड्यांना विचारायचं, तुम्हाला हे पटतं का? किती जणांनी हो म्हटलं ते मोजायचं. पुन्हा दुसऱ्या चार उचलायच्या. असं शेकडो वेळा करून जिथे सगळ्यात जास्त मतं मिळतात ते उत्तर खरं मानायचं. चुकीच्या जोड्या शेकडो असल्या तरी त्यांचं आपसात एकमत होत नाही, बरोबर जोड्यांचं होतं. सगळी गंमत एवढ्या एका गोष्टीत आहे.

याच कारणामुळे निरभ्र आकाश आणि गोदावरीचं पाणी सॉफ्टवेअरला जड जातं. आकाशात धरायला खूण नाही. पाण्यात खुणा आहेत, पण पुढच्या फोटोपर्यंत त्या हललेल्या असतात.

आणि माणसं? ती चालत असतात. म्हणून सांध्यावर अर्धा माणूस उरतो. त्यासाठी एकाच दिशेचे दोन-तीन फोटो काढून ठेवायचे आणि माणूस पूर्ण असेल किंवा नसेलच असा भाग निवडायचा. हगिन नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात हे सगळं करता येतं.

शेवटी जो फोटो तयार होतो त्याची रुंदी उंचीच्या बरोबर दुप्पट असते. कारण आडवे ३६० अंश आणि उभे १८० अंश. शाळेच्या भिंतीवर जगाचा नकाशा असतो ना, तसाच हा नकाशा. आणि त्याचा दोषही तोच. नकाशात अंटार्क्टिका तळाला पट्ट्यासारखा ताणलेला दिसतो, तसं इथे डोक्यावरचं आकाश आणि पायाखालची फरशी ताणली जाते.

आता गेमकडे वळू

गेम म्हणजे मुळात एक न थांबणारं चक्र. खेळणाऱ्याने काय दाबलं ते बघ, जगात काय बदललं ते ठरव, नवं चित्र काढ. आणि पुन्हा पहिल्यापासून. सेकंदाला ६० वेळा. म्हणजे एका फेरीला साधारण १७ मिलिसेकंद मिळतात. तेवढ्यात काम उरकलं नाही तर गेम अडकत चालतो.

इथे नवशिक्यांकडून हमखास एक चूक होते. समजा कोडमध्ये लिहिलं, "प्रत्येक फेरीत पात्राला ५ पिक्सेल पुढे सरकव." ६० फेऱ्यांच्या फोनवर ते सेकंदाला ३०० पिक्सेल पळतं. तोच गेम मित्राच्या १२० फेऱ्यांच्या फोनवर टाकला की पात्र ६०० पिक्सेल पळतं. मित्र जिंकतो, कारण त्याचा फोन महाग आहे!

उपाय शाळेतलाच आहे. अंतर म्हणजे वेग गुणिले वेळ. मागच्या फेरीपासून किती वेळ गेला ते मोजायचं आणि वेगाला त्याने गुणायचं. मग फोन कुठलाही असो, पात्र सेकंदाला तेवढंच अंतर कापतं. सहावी-सातवीत पाठ केलेलं सूत्र इथे पहिल्यांदा हाताला लागतं, आणि ते बहुधा आयुष्यभर विसरलं जात नाही.

साधनांची अडचण आता राहिलेली नाही. गोडो हे गेम इंजिन पूर्ण मोफत आहे. अर्जेंटिनातल्या दोन प्रोग्रॅमरनी ते सुरू केलं आणि २०१४ मध्ये सगळ्यांसाठी खुलं केलं. ब्राउझरमध्येच काही दाखवायचं तर थ्री जेएस आहे. साधा लॅपटॉप पुरतो.

दोन्ही छंद भेटतात कुठे?

आता खरा खेळ. गेममधल्या जगात एक मोठा पोकळ चेंडू बनवायचा. त्याला आतून तो दुप्पट रुंदीचा फोटो चिकटवायचा. कॅमेरा बरोबर मधोमध ठेवायचा. झालं. कॅमेरा फिरवला की खेळणारा रामकुंडावर उभा आहे असं वाटतं. बार्करची गोल इमारतच ही, फक्त विटांऐवजी कोडमध्ये बांधलेली. गोडोमध्ये तर असा फोटो थेट आकाश म्हणून लावायची सोय आहे.

पहिल्यांदा करणाऱ्याला लगेच एक धक्का बसतो. दुकानांच्या पाट्या उलट्या दिसतात. कारण फोटो चेंडूच्या बाहेरून बघण्यासाठी चिकटवलेला असतो आणि आपण आतून बघत असतो. काचेच्या दारावर लिहिलेलं नाव दुकानाच्या आतून वाचल्यासारखं. चेंडू आडव्या दिशेने उलटवला की पाटी सुलटी.

दुसरा धक्का बसतो तो मेमरीचा. ८१९२ बाय ४०९६ पिक्सेलचा फोटो फाइल म्हणून दहा-पंधरा एमबीचा दिसतो. पण स्क्रीनवर दाखवताना तो उलगडावा लागतो. ८१९२ गुणिले ४०९६ म्हणजे सुमारे ३ कोटी ३५ लाख पिक्सेल. प्रत्येकाला ४ बाइट. म्हणजे एका फोटोला १२८ एमबी. असे दहा फोटो एकदम उघडले की स्वस्तातला फोन हात टेकतो. रुंदी-उंची निम्मी केली तर हाच आकडा ३२ एमबीवर येतो.

म्हणून गेमवाले अजून एक युक्ती करतात. चेंडूऐवजी खोकं. जगाचे सहा फोटो : चार बाजू, एक वर, एक खाली. कॅमेरा खोक्याच्या मधोमध असला की कोपरे जाणवत नाहीत. वरच्या फोटोइतकाच बारकावा हवा असेल तर २०४८ बाय २०४८ चे सहा चौकोन पुरतात. गुणाकार करून बघा, पिक्सेल बरोबर २५ टक्क्यांनी कमी होतात. कारण सपाट नकाशात डोक्यावरच्या एका बिंदूसाठी ८१९२ पिक्सेलची अख्खी ओळ वाया जात होती.

आता या जगात खूण लपवायची आहे. समजा पायरीवर एक दिवा, तो शोधला की पुढचं कोडं उघडतं. फोटोतली जागा कोनात बदलावी लागते. ४०९६ रुंदीच्या फोटोत दिवा डावीकडून ३०७२ पिक्सेलवर आहे. ३०७२ भागिले ४०९६ गुणिले ३६०, उत्तर २७०. त्यातून १८० वजा केले की ९०. म्हणजे समोरून उजवीकडे काटकोनात. असंच वर-खालीचं गणित. त्रैराशिकाच्या पलीकडे यात काही नाही.

फक्त एक खड्डा आहे. बरोबर पाठीमागची दिशा एका बाजूने १८० अंश असते, दुसऱ्या बाजूने उणे १८०. दिवा १७९ अंशावर आणि खेळणारा उणे १७९ वर बघतोय, तर दोघांत अंतर किती? खरं तर २ अंश. पण साधी वजाबाकी सांगते ३५८. मग दिवा समोर असूनही गेम म्हणतो, "सापडला नाही." पावणेबारा आणि सव्वाबारा यांत अर्ध्याच तासाचं अंतर आहे, हे कॉम्प्युटरला वेगळं शिकवावं लागतं.

नाशिक, स्ट्रीट व्ह्यू आणि एक स्वीडिश गेम

फोटो आणि गेम एकत्र आणायची कल्पना किती चालते याचं उदाहरण म्हणजे जिओगेसर. २०१३ मध्ये अँटोन वॉलेन या स्वीडिश प्रोग्रॅमरने तो बनवला. गुगल स्ट्रीट व्ह्यूचा कुठला तरी पॅनोरमा समोर येतो आणि ही जागा पृथ्वीवर कुठे आहे ते ओळखायचं. बस्स, एवढाच गेम. पण जगभरात त्याच्या स्पर्धा होतात.

भारतात मात्र स्ट्रीट व्ह्यूची गाडी बराच काळ अडली होती. २०११ मध्ये बंगळुरूत सुरू झालेलं काम पोलिसांनी थांबवलं. २०१६ मध्ये केंद्र सरकारने परवानगी नाकारली. २०२१ मध्ये नकाशांविषयीचे नियम सैल झाले, भारतीय कंपन्यांना अशी माहिती गोळा करायला मुभा मिळाली, आणि जुलै २०२२ मध्ये जेनेसिस व टेक महिंद्रा यांच्यासोबत स्ट्रीट व्ह्यू भारतात सुरू झालं. पहिल्या दहा शहरांत दिल्ली, मुंबई, पुण्याच्या जोडीला नाशिकही होतं.

म्हणजे नाशिकचे रस्ते आता घरबसल्या दिसतात. मग विद्यार्थ्याच्या पॅनोरमाची गरज काय?

गरज अशी की गाडी फक्त रस्त्यावरून जाते. जुन्या नाशकातल्या वाड्याच्या चौकात ती शिरत नाही. भांडी बाजारातून घाटाकडे उतरणाऱ्या बोळातल्या पायऱ्या ती उतरत नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ती हव्या त्या दिवशी येत नाही.

नाशिककर गोदावरीचा पूर मोजतात दुतोंड्या मारुतीवरून. पाणी मारुतीच्या गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, गळ्याशी आलं, अशी मोजणी. एखाद्याने ठरवून एकाच ठिकाणाहून उन्हाळ्यात एक आणि पावसाळ्यात सुरक्षित उंचीवरून काही पॅनोरमा काढून ठेवले, तर पुढची दहा वर्षं कुणालाही मान फिरवून बघता येईल की पाणी कुठवर चढतं आणि कुठली दुकानं त्याच्या वाटेत येतात.

त्यात २०२६-२७ चा सिंहस्थ आहे. कुंभमेळा आला की रस्ते रुंद होतात, घाट वाढतात, नवे पूल होतात. बदल व्हावा की नाही हा वेगळा वाद. पण बदलाआधी ती जागा कशी होती याची नोंद नसेल तर नंतर फक्त "आमच्या वेळी इथं असं होतं" एवढंच उरतं. चौफेर फोटोचं वैशिष्ट्य हे की काय दाखवायचं आणि काय वगळायचं हे फोटो काढणाऱ्याला फारसं ठरवता येत नाही. सगळंच येतं. म्हणून नोंद म्हणून तो जास्त कामाचा.

हा टाइमपास आहे का?

घराघरातला खरा वाद हाच आहे. त्यात गेम म्हटलं की आई-वडिलांच्या डोळ्यांसमोर मोबाईलवर पैसे हरलेली पोरं येतात. ती भीती खोटी नाही. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदी घालणारा कायदा केंद्राने ऑगस्ट २०२५ मध्ये केला तो उगाच नाही. पण पत्ते कुटणं आणि पत्त्यांचा कारखाना काढणं यात जेवढा फरक, तेवढाच गेमवर पैसे लावणं आणि गेम बनवणं यात आहे. २०२० मध्ये पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने 'राजी' हा गेम जगभर आणला. भारतीय पुराणकथांवरचा तो गेम त्या वर्षीच्या द गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या विभागात नामांकनापर्यंत गेला.

नाशिकपुरतं बोलायचं तर छंदातून उभ्या राहिलेल्या गोष्टींचा इतिहास इथे जुना आहे.

दादासाहेब फाळके १८७० साली त्र्यंबकेश्वरला जन्मले. 'राजा हरिश्चंद्र'च्या आधी, १९१२ मध्ये त्यांनी काय केलं? कुंडीत वाटाणे पेरले, समोर कॅमेरा लावला आणि रोपाची वाढ रोज थोडी थोडी टिपत गेले. महिन्याभराची वाढ काही क्षणांत दिसायला लागली. 'अंकुराची वाढ' असं नाव दिलेला हा घरगुती प्रयोग त्यांनी मोजक्या लोकांना दाखवला आणि त्यातल्या काहींनी पुढच्या चित्रपटासाठी कर्ज देऊ केलं. शेजाऱ्यांना तेव्हा काय वाटलं असेल? माणूस महिनाभर कुंडीसमोर कॅमेरा लावून बसलाय!

दुसरं नाव रमेश रासकर. नाशिकमध्ये जन्म, पुण्याच्या सीओईपीतून इंजिनिअरिंग. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात पीएचडी करत असताना १९९८ मध्ये सहकाऱ्यांसोबत त्यांनी एक शोधनिबंध मांडला. कल्पना अशी की खोलीच्या भिंतींवर अनेक प्रोजेक्टर लावायचे, कॅमेऱ्याने भिंतींचा आकार मोजायचा आणि सगळी चित्रं मिळून एकसंध दिसतील अशी बसवायची. म्हणजे पॅनोरमाचंच उलटं टोक. पुढे ते एमआयटी मीडिया लॅबमध्ये प्राध्यापक झाले आणि तिथल्या मंडळींना घेऊन २०१५च्या कुंभासाठी नाशिकमध्ये कुंभथॉन नावाची चळवळ उभी राहिली.

तिसरी गोष्ट तर शाळकरी पोराची. २७ ऑगस्ट २००३ रोजी नाशिकच्या कुंभात चेंगराचेंगरी होऊन ३९ माणसं गेली. २०१४ मध्ये नीलय कुलकर्णी हा १५ वर्षांचा नाशिकचा मुलगा, स्वतःच्या हौसेने प्रोग्रॅमिंग शिकलेला, या प्रश्नाला भिडला. त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी सेन्सर बसवलेली एक चटई बनवली. माणसं तिच्यावरून चालत गेली की पावलं मोजली जातात आणि आकडा लगेच ऑनलाइन जातो. कुठे गर्दी वाढतेय ते वेळेत कळतं. नाव ठेवलं आशिओतो, जपानी भाषेत पाऊल पडल्याचा आवाज. २०१५च्या कुंभात ती वापरली गेली, आणि त्या कुंभात चेंगराचेंगरी झाली नाही. त्याचं श्रेय एकट्या चटईचं नाही, पोलीस-प्रशासनाचं नियोजन होतंच. पण घरात बसून कोड लिहिणाऱ्या पोराचं काम घाटावर पोचलं, हे खरं.

या तिघांचं यश प्रत्येकाला मिळेल असं कुणी सांगत असेल तर ते थापा मारतंय. बहुतेक छंद प्रकल्प अर्धवट राहतात, फोल्डरमध्ये धूळ खातात. पण जो एखादा पूर्ण होतो, तो काहीतरी शिकवून जातो. पुस्तकातलं त्रैराशिक, कोन, वेग-वेळ-अंतर खऱ्या कामाला लागतं. चूक झाली की मास्तर लाल शाई मारत नाहीत, पाटी उलटी दिसते. आणि ती सुलटी होईपर्यंत झोप येत नाही.

सुरुवात करायची तर हे लक्षात ठेवा

पहिला प्रकल्प छोटा ठेवा. एक जागा, एक ओळ, १२ फोटो. ते नीट जुळले की मगच ३८चा नाद करा. गेमचंही तसंच. एक खोली, एक दिवा, एक कोडं. अख्खं पंचवटी बनवायला निघालेला प्रकल्प सहसा पहिल्या चौकातच अडतो.

जागा निवडताना नियम बघा. नाशकात लष्कराचा देवळालीचा परिसर आहे, नाशिकरोडला नोटांचा आणि सिक्युरिटी प्रेस आहे, ओझरला विमानांचा कारखाना आहे. अशा ठिकाणी कॅमेरा बाहेर काढायचाच नाही. ड्रोन उडवायचा असेल तर आधी डिजिटल स्काय नकाशावर तो भाग कुठल्या रंगाचा आहे ते तपासा. पांडवलेणी पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात आहेत, ट्रायपॉड लावण्याआधी तिथे विचारून घ्या.

आणि माणसांचा विचार करा. घाटावर लोक अंघोळ करतात, अस्थिविसर्जन करतात, रडतात. चौफेर फोटोत तेही सगळे येतात, आणि आपण टिपले जातोय हे त्यांना कळतही नाही. म्हणून गर्दी नसताना जा, नाहीतर चेहरे पुसट केल्याशिवाय फोटो कुठेही टाकू नका. गुगलसारखी कंपनी चेहरे आणि गाड्यांचे नंबर पुसट करते, मग आपण का करू नये?

बाकी सामानाची यादी छोटी आहे. मोबाईल, दोरा, किल्ली आणि खडू. किल्ली मात्र घराची नको, जुन्या कुलपाची घ्या. दोरा तुटून घराची किल्ली गोदावरीत गेली तर पॅनोरमा कितीही झकास आला तरी रात्री दार उघडायला आईच लागेल.